शिकाऊ हातांचे कपडे संग्रहात हवेतच

ऐतिहासिक पोशाखांच्या संग्रहाला जागा कायम अपुरी पडते. कपडा आडवा ठेवायचा तर त्याच्या लांबीचं खोकं लागतं, टांगायचा तर गादी लावलेला हँगर लागतो. घडी पडेल तिथे आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या, हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास, प्रदर्शनात मांडला तर उजेड ५० लक्सपर्यंतच. लोकरीचं काही आत घ्यायचं असेल तर कसरीच्या भीतीने आधी उणे ३० अंशांवर तीन दिवस गोठवायचं. एका पोशाखामागे एवढा व्याप, आणि तो दर वर्षी नव्याने करायचा. अशा ठिकाणी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी स्वतः शिवलेलं जाकीट घेऊन आली, तर संग्रहपालाच्या मनात पहिला विचार येतो तो नकाराचा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे झगे दाटीवाटीने पडलेले असताना काल परीक्षेसाठी शिवलेल्या कपड्याला हँगर कुठून द्यायचा?

त्या विचारामागची अडचण खरी आहे, हे मान्य करूनही माझं मत ठाम आहे. विद्यार्थ्यांचे कपडे संग्रहात घ्यायला हवेत. दर वर्षी घ्यायला हवेत, ठरवून घ्यायला हवेत, आणि आज त्यासाठी जे कारण पुढे केलं जातं ते बाजूला ठेवून घ्यायला हवेत.

आजचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. कोण जाणे, यातूनच उद्याचं मोठं नाव निघेल! दाखलेही तयार असतात. १९८४ मध्ये पुढे नामवंत डिझायनर झालेल्या जॉन गॅलियानोने लंडनच्या सेंट मार्टिन्स या कलाशाळेतून पदवी घेताना फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या पोशाखांवरून एक संग्रह उभा केला आणि ब्राउन्स या दुकानाच्या जोन बर्स्टीन यांनी तो सगळाच्या सगळा विकत घेतला. १९९२ मध्ये त्याच संस्थेतून, पुढे तितकाच गाजलेल्या अलेक्झांडर मॅक्वीनने पदव्युत्तर शिक्षण संपवताना कपड्यांत माणसाचे केस गुंफले. फॅशन मासिकांच्या संपादक इझाबेला ब्लो यांनी तेही सगळे कपडे घेतले, पाच हजार पौंडांना आणि हप्त्याहप्त्याने. ब्लो गेल्यानंतर २०१० मध्ये त्यांच्या कपड्यांचा लिलाव व्हायचा होता. त्यांची मैत्रीण आणि पोशाखांची संग्राहक डॅफ्नी गिनेस यांनी तो सगळा संग्रह एकहाती विकत घेतला, म्हणून तो फुटला नाही.

या गोष्टी रंजक आहेत, पण त्यांच्यावरून संग्रहाचं धोरण ठरवणं मला चुकीचं वाटतं. एक तर हे कपडे कुठल्या संस्थेच्या दूरदृष्टीमुळे वाचलेले नाहीत. दोन श्रीमंत बायकांचं वेड कामी आलं, इतकंच. त्या वर्षी मॅक्वीनसोबत बाहेर पडलेल्या बाकीच्या मुलामुलींच्या कपड्यांसाठी असं कोणी धावून आलं नाही. दुसरं म्हणजे कीर्तीची वाट बघत कपडे साठवणं ही लॉटरीची तिकिटं साठवण्याची रीत झाली. तिकीट लागलं नाही की ते केराच्या टोपलीत जातं. वीस वर्षांत ज्याचं नाव झालं नाही त्याचा कपडा मग कपाटातली अडगळ ठरतो, आणि नवा संग्रहपाल आला की पहिल्या साफसफाईत बाहेर पडतो. कारण चुकीचं असलं की निवडही चुकते आणि सांभाळही अर्धवट होतो.

मला दिसणारं कारण कपड्याच्या आत आहे, अगदी शब्दशः. शिकणाऱ्या हाताने शिवलेला कपडा उलटा करून बघावा. निष्णात शिवणकाराचा कपडा आतूनही बंद असतो. तिथपर्यंत पोहोचताना काय काय आजमावलं याचा मागमूस त्याने ठेवलेला नसतो. शिकाऊ कपड्यात तो जागोजागी सापडतो. रेशमी कापडावर डार्ट, म्हणजे कपडा अंगासरशी बसावा म्हणून चिमटीसारखी घातलेली शिवण, एकदा घातली, बसली नाही म्हणून उसवली आणि बोटभर सरकवून पुन्हा घातली, तर पहिल्या डार्टच्या जागी सुईच्या भोकांची बारीक रांग राहते. घट्ट विणीचं रेशीम अशी भोकं सहसा बुजवत नाही. मुंढ्यापाशी शिवणीसाठी गरजेपेक्षा जास्त कापड सोडलेलं असतं, कारण बाही नेमकी कुठे बसेल याची खात्री नव्हती. आतल्या बाजूला खडूच्या खुणा असतात, एकीवर एक. अस्तर निम्म्यापर्यंत नेटक्या हातशिलाईने लावलेलं आणि तिथून पुढे घाईच्या लांब टाक्यांनी उरकलेलं असतं. खालची दुमड कित्येकदा शिवलेलीच नसते, इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावून भागवलेलं असतं. रॅम्पवर तो कपडा मिनिटभरच दिसणार होता, आणि तेवढ्यापुरतं ते पुरेसं होतं.

याला कोणी कच्चेपणा म्हणेल. पोशाखाच्या अभ्यासकासाठी हाच पुरावा आहे. एखाद्या काळात काय शिकवलं जात होतं, कुठलं यंत्र हाताशी होतं, कुठलं कापड परवडत होतं, कुठल्या गोष्टीवर वेळ घालवावासा वाटला आणि कुठली उरकून टाकली, हे सगळं त्या आतल्या बाजूवर लिहिलेलं असतं. बाजारात विकायच्या कपड्यावर खर्चाचा, मापांच्या साच्याचा, विक्रेत्याच्या आवडीचा दाब असतो. विद्यार्थ्याच्या कपड्यावर बहुतेक वेळा तो नसतो. त्याच्यावर शिक्षकाचा आणि परीक्षकाचा दाब असतो, हे खरं, पण तोही त्या काळाचाच भाग आहे आणि तोही नोंदवण्यासारखा आहे.

असा पुरावा किती मोलाचा ठरतो याचं उदाहरण जुनं आहे आणि ते कुणा प्रसिद्ध व्यक्तीचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडच्या राष्ट्रीय शाळांत मुलींना शिवणकाम शिकवलं जाई. त्यासाठी छापील पुस्तक होतं, आणि सूचनांच्या जोडीला त्या त्या कामाचे नमुने शिवून पुस्तकात लावलेले असत. तळहातावर मावतील एवढे सदरे, काजं, चुण्या, रफू केलेले तुकडे. असे नमुनाग्रंथ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. शिवणाऱ्या मुलींपैकी कोणी पुढे मोठी झाली म्हणून ते ठेवलेले नाहीत. त्यांच्यात त्या वेळचं शिक्षण आहे. गरीब घरच्या मुलीने पोट भरायला कुठलं कौशल्य शिकावं अशी अपेक्षा होती, टाका किती बारीक असला म्हणजे चांगला मानला जाई, फाटलेलं कापड फेकायचं नाही हे किती लहान वयात बोटांत भिनवलं जाई, हे त्या इवल्याशा सदऱ्यांवरून कळतं. त्याच शतकातल्या राजघराण्यातल्या झग्यावरून ते कळत नाही.

संग्रहांची एकूण घडणच श्रीमंतीकडे आणि सोहळ्यांकडे झुकलेली आहे. लग्नातला पोशाख जपला जातो, रोज कामावर जायचा विरून जातो. मोठ्या घराण्यांकडून देणगी येते ती नाचाच्या समारंभातल्या झग्यांची. अगदी लहान मापाचे कपडे जास्त टिकतात, कारण ते पुढे दुसऱ्या कुणाला होत नाहीत आणि उसवून त्यांचं दुसरं काही करता येत नाही. विद्यार्थ्यांचे कपडे आल्याने हा तोल सरळ होईल असं मी म्हणत नाही. पदवी प्रदर्शनातला पोशाख हा काही सामान्य माणसाचा रोजचा कपडा नव्हे, आणि तो तसा आहे असा आव आणू नये. पण चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी कापलेली विजार, टाकून दिलेल्या तंबूच्या कापडाचा कोट, एका हाताने लावता येईल असा बंद, असे प्रयोग वर्गात होतात. बाजारात पोहोचतील तेव्हा त्यांचं रूप बदललेलं असेल, आणि पोहोचतील याचीही हमी नाही. पहिला विचार पाहायचा तर तो तिथेच पाहायला मिळतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप काळाचा: ज्याची पारख काळाने केलेली नाही ते संग्रहात कशाला? या आक्षेपाला मी फार किंमत देत नाही. खुद्द पोशाख हीच एके काळी संग्रहालयाच्या लायकीची गोष्ट मानली जात नव्हती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये कापडाचे उत्तम नमुने होते, पण कपड्यांचा मोठा संग्रह आला तो १९१३ मध्ये. टॅल्बट ह्यूज या चित्रकाराने जमवलेले पोशाख हॅरॉड्स या लंडनच्या दुकानाने विकत घेऊन संग्रहालयाला भेट दिले तेव्हा. पुढे १९६३ मध्ये पोशाखांच्या अभ्यासक डोरिस लँग्ली मूर यांनी इंग्लंडमधल्या बाथ शहरात पोशाखांचं संग्रहालय उघडलं आणि त्याच वर्षापासून दर वर्षी जाणकारांना त्या वर्षाचं प्रतिनिधित्व करणारा पोशाख निवडायला सांगण्याची प्रथा सुरू केली. पहिल्या वर्षी मान मिळाला मेरी क्वांट या डिझायनरला. कपडा घालायच्या काळातच त्याची निवड करायची, हे धाडस तिथे साठ वर्षांपूर्वी झालेलं आहे. निवड चुकू शकते. पण ती कुणी, कधी आणि कशासाठी केली हे नोंदलेलं असेल तर चुकलेली निवडसुद्धा त्या काळाबद्दल सांगते.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: साहित्य. विद्यार्थी काय वाटेल ते वापरतात. पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड काही दशकांत चिकट होतं, मग तडकून सोलवटतं. पीव्हीसीतून मऊपणासाठी घातलेलं द्रव्य बाहेर पाझरतं आणि शेजारच्या कपड्याला लागतं. गोंद पिवळा पडून कापडात उतरतो. टाचण्या गंजतात. हुसेन शालायान या डिझायनरने १९९३ च्या पदवी संग्रहात तर कपडे लोखंडाच्या किसाबरोबर जमिनीत पुरून मग उकरून काढले होते. गंज हाच त्यांचा रंग होता. जतनतज्ज्ञाला घाम फोडणारं हे सगळं आहे.

पण हा दोष एकट्या विद्यार्थ्यांचा कसा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं महागडं रेशीम विकताना जड भरावं म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवत. ते रेशीम आज खोक्यात पडल्या पडल्या चिरत जातं, हात न लावता. पण तेवढ्यावरून ते झगे कुणी संग्रहाबाहेर काढत नाही. त्यांच्यासाठी आधाराचं जाळीदार कापड येतं, तज्ज्ञ येतो, निधी येतो. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत आनी आल्बर्स यांनी पदविकेसाठी विणलेलं भिंतीचं कापड घ्या. बेर्नाऊ गावातल्या कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहातला आवाज शोषला जावा आणि उजेड परतावा म्हणून त्यांनी सुतासोबत सेलोफेन वापरलं. सेलोफेन काही शतकानुशतकं टिकणारं साहित्य नव्हे. तरी त्या विद्यार्थिनीच्या कामाचा नमुना आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. साहित्य नाशिवंत असलं तर कपडा आत घेताना त्यात नेमकं काय आहे ते करणाऱ्याकडूनच लिहून घ्यावं. जुन्या कपड्यांबाबत ही सोय नसते, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली धागा ठेवून अंदाज बांधावे लागतात. इथे करणारा समोर उभा असतो. कुठला गोंद, कुठल्या जातीचा फोम, कुठला रंग, एका कागदावर सगळं येतं. जो कपडा शेजाऱ्यांना बिघडवेल तो वेगळा ठेवावा, आणि तीस वर्षांत तो संपणार असेल तर तेही मान्य करून घ्यावा. टाचण्यांचे फोटो काढून त्या काढून टाकाव्यात. त्या कुठे होत्या हे महत्त्वाचं आहे, गंज नव्हे.

माझी खरी काळजी तिसऱ्या गोष्टीची आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शिक्षणसंस्था आपल्याच विद्यार्थ्यांचे कपडे घेते तेव्हा देणारा आणि घेणारा बरोबरीचे नसतात. गुण ज्यांच्या हातात आहेत तेच मागत असतील तर नाही कोण म्हणेल? कापड विद्यार्थ्याच्या पैशांचं, रात्री त्याच्या, आणि तोच कपडा त्याला नोकरी मागताना दाखवायचा असतो. त्यामुळे कपडा निकाल लागल्यानंतरच मागावा, आणि शिकवणाऱ्याऐवजी संग्रहपालाने मागावा. दानपत्रावर स्पष्ट लिहावं की कपडा संग्रहाचा झाला तरी रचनेचे हक्क करणाऱ्याचेच राहतील, आणि त्याला स्वतःच्या प्रदर्शनासाठी तो उसना मिळेल. दान शक्य नसेल तर विकत घ्यावा. संग्रहाला मोठ्या नावाच्या एका झग्यासाठी पैसे उभे करता येत असतील, तर शिकणाऱ्याला निदान कापडाचा खर्च द्यायला हरकत नसावी.

आणि नाव लिहावं. नोंदवहीत, खोक्यावर, प्रदर्शनातल्या पाटीवर, संस्थेच्या नावाच्या आधी. शिवणाऱ्याचं नाव गाळण्याची पोशाखाच्या इतिहासाला जुनी खोड आहे. १९५३ मध्ये, पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी म्हणून गाजलेल्या जॅकलीन केनेडींच्या लग्नातला झगा अ‍ॅन लो यांनी केला. तो झगा जगभर पाहिला गेला, पण त्यांचं नाव त्या वेळच्या बातम्यांत जवळजवळ कुठेच आलं नाही. त्याच अ‍ॅन लो न्यूयॉर्कमध्ये शिवणकला शिकायला गेल्या तेव्हा कृष्णवर्णीय म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. आज त्यांचे पोशाख मोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत, पण त्यांच्या कामाचा माग काढायला अभ्यासकांना दशकं घालवावी लागली. शिकतानाच काम नावानिशी नोंदवलं जाण्याची पद्धत असेल तर पुढच्या कुणासाठी हा शोध एवढा अवघड राहणार नाही.

विद्यार्थ्यांच्या हातचे कपडे संग्रहात आणखी एका वाटेने येतात, ती म्हणजे प्रतिकृती. जुन्या पोशाखाची मापं घ्यायची, शिवणी मोजायच्या, पॅटर्न कागदावर उतरवायचा आणि तसाच कपडा नव्याने शिवायचा. पोशाखांच्या इतिहासकार जॅनेट आर्नल्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध केलेल्या पॅटर्नच्या पुस्तकांनी या कामाला शिस्त दिली. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या कला अकादमीत तर ऐतिहासिक पोशाखाची प्रतिकृती हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, आणि तिथला फॅशन विभाग नि मोमू हे फॅशन संग्रहालय एकाच इमारतीत आहेत. अशा प्रतिकृतीला हात लावता येतो, ती अंगावर घालून चालता येतं, बसता येतं, बाही किती आखडते ते कळतं. मूळ कपड्याला हे कधीच करू नये. २०२२ मध्ये मेरिलिन मन्रोचा १९६२ चा झगा एका सोहळ्यात अंगावर चढवला गेला तेव्हा संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या पोशाख समितीला हे जाहीरपणे सांगावं लागलं. चांगली प्रतिकृती असली की मुळाला धक्का लावायची गरज उरत नाही. फक्त तिच्या आतल्या शिवणीत न पुसणारी खूण हवी: कुणी केली, कुठल्या साली, कशावरून. कागद हरवतात आणि खोकी बदलतात. पन्नास वर्षांनी एखादी उत्तम प्रतिकृती मूळ समजली गेली तर तो सगळ्यांचाच तोटा आहे.

कपडा घ्यायचा तो एकटा मात्र घेऊ नये. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९५२ मध्ये आपला ठेवा पॅरिसमधल्या संस्थेला दिला तेव्हा त्यात झग्यांबरोबर टॉइल होते, म्हणजे आधी साध्या कापडात शिवून पाहिलेले कच्चे नमुने, आणि पुढून, मागून, बाजूने काढलेल्या छायाचित्रांचे अल्बम होते. उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून कापलेल्या त्या झग्यांची रचना आज उलगडते त्यात या पसाऱ्याचा वाटा मोठा आहे. विद्यार्थ्याकडे हा पसारा शेवटच्या दिवशी असतोच. पॅटर्नचे कागद, पुठ्ठे, दोन-तीन टॉइल, चिकटवही, नाकारलेल्या कापडाचे तुकडे, शिक्षकाने लाल शाईने मारलेले शेरे. संग्रहाने तो सगळा मागावा. जागेची अडचण असेल तर मी म्हणेन की दोन पोशाख कमी घ्या, पण एक घ्याल तो टॉइलसकट घ्या.

निवड कशी करावी? पहिलं बक्षीस मिळालेलाच कपडा घेण्याची सवय मोडायला हवी. बक्षीस परीक्षकांच्या आवडीची नोंद असते आणि तीही एखाद दुसरी असावी. पण ज्यात एखादी अडचण खरोखर भिडून सोडवली आहे, किंवा सोडवायचा प्रयत्न फसला आहे आणि का फसला ते दिसतं आहे, असा कपडा अभ्यासाला जास्त उपयोगी. निवडणाऱ्यांत पॅटर्न शिकवणारी व्यक्ती हवी, जतनतज्ज्ञ हवा, आणि आदल्या वर्षी बाहेर पडलेला एक विद्यार्थीही हवा, कारण कुठली गोष्ट अवघड होती हे त्याला ताजं आठवत असतं. घेतलेले कपडे आधी अभ्यासाच्या विभागात राहावेत, जिथे पुढच्या वर्गाला ते हाताळता येतील. दहा वर्षांनी त्यांच्याकडे पुन्हा बघावं. काही कायमच्या संग्रहात जातील, काही जाणार नाहीत. जे जाणार नाहीत ते आधी करणाऱ्याला परत देऊ करावेत.

यासाठी वेळ मात्र फार थोडा असतो. पदवी प्रदर्शन संपलं की आठवड्याभरात टेबलं रिकामी करावी लागतात. पॅटर्नचे कागद रद्दीत जातात, टॉइल पुढच्या तुकडीच्या सरावासाठी कापले जातात, कपडे पिशवीत कोंबून घरी जातात. संग्रहपालाने दानपत्राचे कोरे कागद घेऊन त्या आठवड्यात कार्यशाळेत बसावं. महिन्याभराने पत्र पाठवून कपडा मिळेलही कदाचित, पॅटर्न मिळणार नाही.